नवी गाडी, वारंवार बिघडणारं इंजिन : दाद कशी मागायची?

खुटबाव आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बचत गटांच्या वतीनं आम्ही बोलत आहोत. आजचा विषय थोडा वेगळा आहे. शेळीपालन नाही, मसाला-पापड नाही, बँकेचं कर्जप्रकरणही नाही. आज बोलायचंय चारचाकी गाडीबद्दल. नवी कोरी गाडी घेतली आणि तिच्या इंजिनचं दुखणं काही केल्या जात नसेल, तर काय करायचं, याबद्दल.

काही जणी म्हणतील, "गाडीचं आपल्याला काय कळतंय? ते घरातले पुरुष बघतील." पण मैत्रिणींनो, आपल्या गटांमधल्याच कितीतरी जणींच्या नावावर आज गाडी आहे. बिलावर नाव तिचं, कर्जाच्या कागदांवर सही तिची, महिन्याचा हप्ता तिच्या खात्यातून जातो. गाडी दारात उभी राहिली म्हणून बँक थांबत नाही. मग दाद मागायची वेळ आली की ती मात्र दुसऱ्या कुणी का मागावी? बिल जिच्या नावावर, ती कायद्यानं ग्राहक. आणि ग्राहकाला काय करता येतं ते समजायला इंजिन खोलता यावं लागत नाही. तारखा लिहिता आल्या आणि कागद सांभाळता आले की पुष्कळ काम होतं.

आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांनी कर्ज काढून घरच्या वापरासाठी पेट्रोलची नवी गाडी घेतली. सासूबाईंना पुण्याला दवाखान्यात न्यायचं असतं, गटाचा मसाला प्रदर्शनाला न्यायचा असतो. गाडी हजार किलोमीटरही चालली नव्हती, तेव्हा यवतहून भुलेश्वरचा चढ चढताना ती ओढेनाशी झाली. समोरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. वर्कशॉपला नेली, तर तिथं व्यवस्थित चालली. "काही नाही ताई, सॉफ्टवेअर अपडेट केलंय," असं सांगून परत दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असे चार हेलपाटे झाले. प्रत्येक हेलपाट्याला दिवस मोडला, पेट्रोल गेलं, आणि सासूबाईंच्या दवाखान्याची तारीख दोनदा चुकली.

पण खरी अडचण पुढे कळली. चारही वेळचे कागद काढून पाहिले, तर दोन कागदांवर लिहिलं होतं "जनरल चेकअप" आणि एकावर "वॉशिंग व तपासणी". गाडी चढावर ओढत नाही, दिवा लागतो, बंद पडते, यातलं एक अक्षर तिथं नव्हतं. म्हणजे ताईंनी चार वेळा सांगितलं, पण कागदावर तक्रार एकदाच. आजचं सगळं बोलणं याच मुद्द्याभोवती आहे. वारंवार येणारा दोष तोंडानं सिद्ध होत नाही. तो कागदावर साठत जातो, आणि तो साठवायचं काम गाडी घेणाऱ्यालाच करावं लागतं.

दोष कशाला म्हणायचं?

गाडी एकदा बिघडली, दुरुस्त झाली, विषय संपला, तर त्याला आपण बिघाड म्हणू. त्यासाठीच वॉरंटी असते. पण तोच त्रास दुरुस्तीनंतर पुन्हा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येत असेल, तर गाडी कारखान्यातूनच दोष घेऊन आली आहे का, हे विचारावं लागतं. त्याला उत्पादन दोष म्हणतात. पार्टमध्ये, जुळणीत किंवा इंजिनच्या रचनेतच काही चुकलं असेल, तर वरवरच्या दुरुस्तीनं ते जात नाही.

इंजिनची ठरावीक लक्षणं असतात. चढावर किंवा ओझं असताना न ओढणं, चालता चालता बंद पडणं, पाणी किंवा ऑइल लवकर कमी होणं, तापणं, ठोकल्यासारखा आवाज, काळा किंवा निळसर धूर, आणि इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा लागणं. यातलं काय, कधी आणि कशा स्थितीत होतं, हे जिनं पाहिलं तिनंच लिहून ठेवावं. "गाडी नीट चालत नाही" याला वर्कशॉपमध्ये काही अर्थ नाही. "गाडी तासभर चालून गरम झाल्यावर, चार माणसं बसलेली असताना, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ओढत नाही" हे वाक्य मेकॅनिकला थेट रोगाकडे नेतं.

काही वेळा दोष गाडीचा नसून वापराचा असतो, हेही प्रामाणिकपणे पाहावं लागतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. तेव्हापासून डिझेल गाड्यांना धुरातली काजळी पकडणारी गाळणी असते. गाळणीत साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी मधूनमधून काही वेळ सलग, बऱ्या वेगानं चालावी लागते. आपल्याकडे बऱ्याचदा गाडी वस्तीवरून गावात आणि गावातून वस्तीवर एवढीच फिरते. मग गाळणी तुंबते आणि दिवा लागतो. कंपनी म्हणणार, हा वापराचा प्रश्न आहे. म्हणून डिझेल गाडी घेण्याआधीच आपला वापर कसा आहे ते शोरूममध्ये सांगा आणि सल्ला विचारा.

दुसरं कारण पुढे केलं जातं ते पेट्रोलचं. "तुमच्या पंपावरचं पेट्रोल भेसळीचं" असं सरळ ऐकवतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल आपल्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांतूनही जातं. गाडीला कोणतं इंधन चालतं ते गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात दिलेलं असतं. ते एकदा वाचा आणि पंपाच्या पावत्या फेकू नका. पावत्या असल्या की या आरोपाला उत्तर देता येतं.

पहिल्या दिवसापासून काय करायचं?

वर्कशॉपमध्ये गाडी आत घेताना एक कागद करतात, त्याला जॉब कार्ड म्हणतात. दवाखान्यातल्या केसपेपरसारखाच हा गाडीचा केसपेपर. त्यावर आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. लिहिणारा मुलगा घाईत असतो, तो "चेकअप" लिहून मोकळा होतो. त्याला थांबवा आणि सांगा, "मी सांगते तसं लिहा." तारीख आणि किलोमीटर बरोबर आहेत ना ते पाहा. मगच सही करा आणि प्रत मागा. मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

आजच्या गाड्यांमध्ये इंजिनवर लक्ष ठेवणारा छोटा संगणक असतो. दिवा लागला की तो दोषाचा सांकेतिक क्रमांक साठवतो. वर्कशॉपवाले मशीन लावून तो वाचतात आणि पुसूनही टाकतात. म्हणून पुसण्याआधी त्याची छापील प्रत किंवा फोटो मागा. तोच क्रमांक तीन वेळा आला, तर तीन वेळा तोच रोग आला याचा तो पुरावा आहे. दिवा लागलेला असताना आपणही मोबाइलवर चित्रण करून ठेवावं. अर्थात गाडी बाजूला उभी करून किंवा शेजारी बसलेल्या माणसानं. चालवणारीनं हातात मोबाइल घ्यायचा नाही.

गाडी परत घेताना काय केलं, कोणता पार्ट बदलला, हे लेखी घ्या. त्रास गेला की नाही हे न चालवताच "समाधानी" म्हणून सही मागत असतील, तर सहीच्या वर लिहा, "गाडी चालवून पाहिल्यानंतर कळवीन." एवढी एक ओळ पुढे फार कामाला येते.

आणि आपल्या बाजूनंही कच्चा दुवा ठेवायचा नाही. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग करून घ्या. वॉरंटी चालू असताना ओळखीच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलू नका, बाहेरून वायरिंग किंवा गॅसचं किट बसवू नका. नाहीतर कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. विम्याच्या भरवशावरही राहू नका. गाडीचा नेहमीचा विमा अपघात आणि चोरीसाठी असतो, इंजिन आपोआप बिघडलं तर तो पैसे देत नाही.

वॉरंटी म्हणजे नवी गाडी नव्हे

त्रास वाढला की घरात पहिलं वाक्य येतं, "आम्हाला गाडीच बदलून द्या." मागणी चुकीची नाही, पण ती कधी मिळते हे समजून घ्यायला हवं.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयानं मारुती कंपनीच्या एका प्रकरणात निकाल दिला. खालच्या आयोगानं अख्खी गाडी बदलून द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वॉरंटीत कंपनीनं खराब पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून द्यायचं वचन दिलं आहे, संपूर्ण गाडी बदलण्याचं नाही. गाडी बदलायचा आदेश टिकला नाही.

२०१० साली फियाट कंपनीविरुद्धच्या प्रकरणाचा निकाल लागला. रांजणगावच्या एमआयडीसीत जिचा कारखाना आहे, तीच ही फियाट. तक्रार अगदी आपल्या विषयाची होती. नव्या गाडीच्या इंजिनमधून आवाज येत होता. कंपनीनं इंजिनही बदललं होतं, तरी ग्राहकाचं समाधान नव्हतं. न्यायालयानं सांगितलं, स्वतंत्र तज्ज्ञाकडून गाडी तपासा. मुळातच उत्पादन दोष आहे असं तज्ज्ञानं म्हटलं, तर गाडीची किंमत, कर आणि भरलेले हप्ते व्याजासह परत मिळतील.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की वाट दिसते. पार्ट बदलून मिळणं हा वॉरंटीतला सरळ हक्क आहे. गाडी बदलून किंवा पैसे परत हवे असतील, तर दोष मुळातला आहे हे तज्ज्ञाच्या अहवालानं दिसावं लागतं. ग्राहक संरक्षण कायद्यातही तशी सोय आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर जिल्हा आयोग वस्तू मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो, हे लक्षात ठेवा. आणि तज्ज्ञ पहिल्यांदा काय मागतो? जुनी जॉब कार्डं. म्हणून पुन्हा तेच सांगतो, कागद, कागद आणि कागद.

भांडण कुणाशी, शोरूमशी की कंपनीशी?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. दूध नासलं तर दोन शक्यता असतात. डेअरीतूनच खराब आलं, किंवा दुकानदारानं पिशव्या उन्हात ठेवल्या. गाडीचंही तसंच.

गोव्यातल्या एका ग्राहकानं टाटा मोटर्सची नवी गाडी घेतली. पैसे घेतले २०११ च्या मॉडेलचे आणि हातात दिली २००९ ची, आधी वापरलेली गाडी. खालच्या तिन्ही आयोगांनी शोरूम आणि कंपनी दोघांनाही जबाबदार धरलं. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला त्यातून मोकळं केलं. कंपनी गाड्या शोरूमला विकते, शोरूम त्या आपल्याला विकते. शोरूमच्या लबाडीची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात हात होता हे दाखवल्याशिवाय ती जबाबदारी कंपनीवर येत नाही, असा त्याचा अर्थ.

आपण यातून काय घ्यायचं? जुनी गाडी नवी म्हणून दिली, जादा पैसे घेतले, सर्व्हिसिंग नीट केलं नाही, हा शोरूमचा दोष. इंजिन मुळातच सदोष, हा कंपनीचा दोष. वारंवार येणाऱ्या दुखण्यात हे दोन्ही मिसळलेले असतात. दुरुस्ती शोरूमनं केली, इंजिन कंपनीनं बनवलं. म्हणून पत्र दोघांनाही जायला हवं, आणि पुढे तक्रार केली तर दोघांनाही पक्षकार करायला हवं. कुणाचा दोष कोणता, हे वेगवेगळं लिहायला हवं.

लेखी पत्र

फोनवर कितीही बोललं तरी त्याची नोंद आपल्या हाती राहत नाही. दोन-तीन हेलपाट्यांनंतर त्रास गेला नाही, तर पत्र लिहा. ते असं असावं :

"प्रति, व्यवस्थापक, (शोरूमचे नाव व पत्ता). प्रत : ग्राहक तक्रार विभाग, (कंपनीचे नाव व मुख्य कार्यालयाचा पत्ता).
विषय : नवीन गाडीच्या इंजिनमधील वारंवार येणारा दोष.
महोदय, मी दिनांक … रोजी आपल्याकडून … ही गाडी खरेदी केली. गाडी क्रमांक …, चासी क्रमांक …, इंजिन क्रमांक …. गाडी गरम झाल्यावर चढावर ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो व गाडी बंद पडते. यासाठी मी खालील तारखांना गाडी आपल्या वर्कशॉपमध्ये आणली : (तारीख, किलोमीटर, जॉब कार्ड क्रमांक, काय दुरुस्ती केली). तरीही दोष कायम आहे. कृपया कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने माझ्यासमोर गाडी चालवून दोष तपासावा, कारण लेखी कळवावे व १५ दिवसांत दोष कायमचा दूर करावा. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.
आपली, (नाव, पत्ता, सही). सोबत : बिल व जॉब कार्डांच्या प्रती."

पत्रात शिव्याशाप नको, धमकी नको, रडगाणंही नको. तारखाच बोलतील. कंपनीचा पत्ता गाडीच्या पुस्तकात असतो. पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा आणि ईमेलही करा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, फक्त प्रती द्या.

आमच्या त्या ताईंनी असंच पत्र पाठवलं. कंपनीचा तंत्रज्ञ आला. ताईंनी हट्ट धरला, "सपाट रस्त्यावर नाही, भुलेश्वरला चला." चढावर त्याच्यासमोरच गाडी ओढेनाशी झाली. मशीन लावल्यावर कळलं, टाकीतला पेट्रोलचा पंप गरम झाला की दाब कमी देत होता. तो वॉरंटीत बदलून मिळाला, आणि इंजिनची वॉरंटी ताईंच्या मागणीवरून लेखी वाढवून मिळाली. नवी गाडी मिळाली नाही, पण दुखणं गेलं. पुष्कळ प्रकरणं इथंच मिटू शकतात, तक्रार नेमकी असेल तर.

पत्रानंतरही दाद मिळाली नाही तर

पहिली पायरी, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून क्रमांक देतात आणि कंपनीकडे पाठवतात. हे न्यायालय नाही, त्यांना हुकूम देता येत नाही. पण कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत तक्रार पोचते.

दुसरी पायरी, जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. आधीचा कायदा १९८६ सालचा. त्याला २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण ग्राहक दिन म्हणून पाळतो. ग्राहक चळवळीत आपल्या पुण्याचा वाटा मोठा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

गाडी कुठूनही घेतली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे आपल्याला पुणे जिल्हा आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच काम होतं. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील हवाच असं बंधन नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंती करता येते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. "पुढच्या महिन्यात बघू" करत हेलपाट्यांत ही २ वर्षं जाऊ देऊ नका.

आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. पण मागाल तेच मिळतं. जनरल मोटर्सच्या एका प्रकरणात राष्ट्रीय आयोगानं कंपनीला २५ लाखांचा जादा दंड केला होता. तक्रारीत तशी मागणीच नव्हती, म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. तेव्हा अर्जात सगळं लिहा. आधी दोष दूर करणं, नाहीतर गाडी बदलणं, नाहीतर पैसे परत. शिवाय हेलपाट्यांचा खर्च, भाड्याच्या गाडीचा खर्च, झालेला मनस्ताप. आकडे पावत्यांसह.

वकील लागलाच, तर विधी सेवा कायद्यानं महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा.

वेळेबद्दल खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. कायदा म्हणतो, तपासणी नसेल तर ३ महिन्यांत आणि असेल तर ५ महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. पण गोव्याच्या त्या २०११ च्या व्यवहाराचा शेवटचा निकाल २०२१ ला लागला, हेही आपण पाहिलं. म्हणून आयोगात मध्यस्थीनं तडजोडीची सोय आहे, ती पटत असेल तर घ्यावी.

धंद्याची गाडी असेल तर

टेम्पो, रिक्षा, भाड्याची गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी हे नीट ऐका. कायदा म्हणतो, व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूचा ग्राहक हा ग्राहक नाही. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतली असेल तर तो ग्राहकच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात रिक्षाचंच उदाहरण दिलं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा माणूस ग्राहक आहे. एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून हक्क जात नाही. पण गाडी घेऊन ड्रायव्हर ठेवला आणि आपण नुसता नफा घेतला, तर अडचण येते. म्हणून तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा, "ही गाडी मी स्वतः चालवून त्यावर उपजीविका करते."

हप्ता थांबवू नका

रागाच्या भरात घरात ठरतं, "गाडीच चालत नाही तर हप्ता कशाला भरायचा?" हे करू नका. कर्ज बँकेचं, गाडी कंपनीची. हप्ता थकला तर बँक गाडी उचलू शकते, आणि मग तपासायला गाडीच उरत नाही. आपलं कर्जखातंही बिघडतं, त्याचा फटका पुढच्या कर्जाला बसतो. फारच ओढाताण होत असेल तर बँकेला लेखी कळवून मुदत मागा.

आपल्या एकटीचंच आहे का?

शेवटी एक गोष्ट. तोच दोष त्याच मॉडेलच्या इतर गाड्यांनाही असेल, तर प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे वडापला चालणारी टवेरा सगळ्यांना आठवत असेल. २०१३ साली जनरल मोटर्सला १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या, कारण धुराच्या तपासणीत कंपनीच्याच माणसांनी गडबड केल्याचं उघड झालं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल इंजिनांचा घोटाळा जगभर गाजला. भारतातल्या गाड्यांची तपासणी आपल्या पुण्यातल्या एआरएआय या संस्थेनं केली, आणि कंपनीनं ३ लाखांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायचं जाहीर केलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या बदलानं सदोष गाड्या परत मागवायचा आदेश सरकारही कंपनीला देऊ शकतं. म्हणून वर्कशॉपमध्ये विचारा, "या मॉडेलसाठी कंपनीनं काही दुरुस्ती मोहीम काढलीय का?" आणि तशाच त्रासाचे दुसरे ग्राहक भेटले, तर आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रारही करता येते.

एकत्र येणं आपल्याला नवं नाही. दर महिन्याच्या बैठकीत आपण पासबुकं तपासतो, तसंच ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला एक फाइल घेऊन यावं. त्यात बिल, वॉरंटीचं पुस्तक, आरसी, विमा, कर्जाचे कागद आणि आजवरची सगळी जॉब कार्डं तारखेनुसार लावावीत. ज्यांची गाडी उत्तम चालते त्यांनीसुद्धा. गटातल्या शिकलेल्या मुलींनी ती वाचून दाखवावीत, "चेकअप" लिहिलेले कागद शोधावेत. वॉरंटी कधी संपते ती तारीख फाइलच्या वर मोठ्या अक्षरांत लिहावी, आणि तिच्या महिनाभर आधी राहिलेली प्रत्येक तक्रार लेखी द्यावी.

या विषयावर काही प्रश्न असतील तर आपल्या गटाच्या सीआरपी ताईंकडे लिहून द्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं देऊ.